तात्पुरती गैरसोय

आमच्या घरचं इंटरनेट गेलं तेव्हा मी जांभई देत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कुणाकडून तरी ते तुमच्या कानावर येणारच. सकाळच्या बैठकीत आम्हा सगळ्यांचे चेहरे पडद्यावर चौकटीचौकटीत मांडलेले असतात, आणि ज्याची लाइन जाते त्याचा चेहरा आहे तसा थिजतो. माणूस हसताना थिजला तर बरं दिसतं. मी थिजलो तो आ वासून, डोळे मिटून आणि वरच्या दाढेत भरलेलं चांदीचं सिमेंट सगळ्या विभागाला दाखवत. कुणीतरी ते चित्र टिपून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'कामात बुडालेला कर्मचारी'. इतकी वर्षं इमानेइतबारे नोकरी केल्यावर आपल्या नावावर शेवटी एक दाढ जमा व्हावी, याचं वाईट वाटतंच.

कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या डबीवरचा हिरवा दिवा लाल झाला होता. मी डबी बंद करून चालू केली. दिवा लाल. वायर काढून, फुंकर मारून परत लावली. दिवा लाल. मग सुशिक्षित माणसाने यंत्राशी जे करू नये ते केलं, म्हणजे तिला एक चापट मारली. दिवा लालच.

आता माझं काम काय ते सांगायला हवं, म्हणजे त्या लाल दिव्याने माझ्या तोंडचं पाणी का पळालं ते कळेल. मी दिलगिरीची वाक्यं लिहितो. थट्टा नाही, खरंच. तुमची लिफ्ट बंद पडते, धुण्याचं यंत्र मधेच गचके खातं, तुम्ही चिडून कंपनीला फोन लावता, आणि तिकडून एक गोड आवाज म्हणतो, 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.' हे वाक्य कुणीतरी लिहिलेलं असतं. निरनिराळ्या कंपन्या आमच्या कंपनीला असल्या वाक्यांचं कंत्राट देतात. पूर्वी दोघं मिळून ही वाक्यं लिहायचो. दुसऱ्याने सोडली नोकरी, आणि तो सुखात असल्याचं ऐकतो.

या धंद्यात माझे एक बिनपगारी भागीदार आहेत, ते म्हणजे माझे वडील. बाबा उभा जन्म बसडेपोच्या चौकशी खिडकीत बसले. गाडी कधी येईल, असं कुणी विचारलं की ते सांगायचे, "येणार नाही. घरी जा." पुढेमागे काही नाही. एका बाईला त्यांनी 'आत्ता चालायला लागलात तर उजेडात पोहोचाल' असं सांगितलं आणि ती बाई पोहोचली, हे ते आजही स्वतःच चालल्याच्या अभिमानाने सांगतात. बाबांना पंख्याचा राग येतो, चपलांचा येतो, हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या मुलीचा तर फारच येतो. म्हणून मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य आधी त्यांच्या खुर्चीसमोर उभं राहून वाचून दाखवतो आणि विचारतो, "राग आला?" "आला" म्हणाले तर पुन्हा लिहायला बसायचं. "नाही आला" म्हणाले तर वाक्य पक्कं. ज्या वाक्याने बाबांना राग येत नाही त्याने जगात कुणालाही येणार नाही, हा माझा ठोकताळा आजवर चुकलेला नाही.

एकदाच त्यांनी मला अडवलं होतं. मी वाचलं, 'आपल्याला झालेल्या तात्पुरत्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

"तात्पुरती म्हणजे किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"दिवस ठाऊक असले तर दिवस लिहितात, बाबा. ठाऊक नसले, किंवा सांगायचं धैर्य नसलं, की तात्पुरती लिहितात."

"लबाड आहात लेको," ते म्हणाले. "पण राग नाही आला."

ते वाक्य आम्ही फार ठिकाणी विकलं.

बाबांच्या मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांना उठायला-बसायला कुणाचा तरी हात लागतो. बायको इस्पितळात नर्स, तिच्या पाळ्या तिच्या हातात नाहीत. सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका बाबांच्या जिभेपुढे टिकल्या नाहीत. दुसरी तर छत्री विसरून गेली ती न्यायलाही आली नाही. तेव्हा आमच्या विभागप्रमुख बाईंच्या हातापाया पडून मी घरून काम करायची परवानगी मिळवली. बाईंनी अट घातली होती, "लाइन नीट चालतेय तोवर घरी. ती रडायला लागली की तुम्ही ऑफिसात." ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. सकाळी अंधारात निघायचं आणि रात्री जेवायला परत. म्हणजे मग बाबांना कुठेतरी ठेवणं आलं. परगावच्या माझ्या ताईने एका संस्थेत चौकशीही करून ठेवली होती, 'नुसती माहिती असावी म्हणून.' तेव्हा तो दिवा लाल झाला, तो माझ्या दृष्टीने इंटरनेटचा नव्हताच. बाबा घरात राहणार की नाही, ते त्या डबीवर दिसत होतं.

मी इंटरनेट कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे," यंत्र म्हणालं.

"अरे, हे आपलंच की!" बाबा आतून ओरडले. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

"आपला संयम हाच आमचा विश्वास," यंत्र म्हणालं.

"हेही आपलंच. याला मला आधी राग आला होता. तू 'सहनशीलता' लिहिलं होतंस."

आणि मग यंत्र म्हणालं, "आपल्या भागातील तात्पुरत्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आतून काही आवाज आला नाही. पत्ते मीच पिसले होते आणि वाईट पानं माझ्याच हातात आली होती. हे वाक्य कधी लावतात ते मला पुरतं ठाऊक होतं. कुणीही येणार नव्हतं.

तेव्हा मीच खाली गेलो. आमच्या इमारतीसमोर पाण्याच्या नळासाठी रस्ता खणला होता आणि चरातून एक काळी वायर तुटून लोंबत होती. मी मुकादमाला ती दाखवली. तो म्हणाला, "आम्हाला नकाशात दाखवलेल्या वायरी सांभाळायच्या असतात साहेब. ही नकाशात नाही." मी नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने नकाशा टेबलभर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवले आणि शांतपणे सांगितलं, "इथे वायर नाहीच. जी नाही ती तुटेल कशी?" मी म्हटलं, चला, दाखवतो. तो म्हणाला, "दाखवाल हो. पण मग ती विनापरवानगी टाकलेली ठरेल आणि आम्हाला उरलेलीही काढावी लागेल." मी त्याचे आभार मानून निघालो. उरलेल्या वायरीचा जीव माझ्यामुळे वाचला, एवढंच काय ते त्या दिवशी हाताला लागलं.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. अमुक एकाने डबी कपाटावर ठेवायला सांगितली, तिथे सिग्नल 'मोकळा' असतो म्हणून. वायर तुटलीय, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "तरी ठेवून बघा." समोरच्या आजोबांनी डबीमागे पत्र्याचं ताट उभं करायला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ते जांभईचं चित्र कुठून तरी पाहिलं होतं, त्या म्हणाल्या, "इंटरनेटचं मला कळत नाही, पण ते सिमेंट बदलून घ्या." आणि आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, जे निवृत्तीनंतर कुणावर तरी चिडण्यासाठी हे पद सांभाळतात, ते म्हणाले, "तुम्ही ठामपणे बोलत नाही. तुमचा तोंडवळाच दिलगीर आहे." यावर मी दिलगिरी व्यक्त केली.

मोबाइलवरून काम करून पाहिलं. आमच्या घरात मोबाइलला सिग्नल फक्त स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या कट्ट्याच्या वरच्या खिडकीशी मिळतो. मी तिथे उभा राहून टाइप करू लागलो. पहिल्याच दिवशी फोन खरकट्या पातेल्यात पडला. बायकोने तो काढून, पुसून, कोरड्या तांदळात पुरून ठेवला आणि एक अक्षर बोलली नाही. तिचं न बोलणं फार सविस्तर असतं.

शेवटी तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई कनवाळू निघाल्या. त्यांचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीचं होतं आणि ते धडधाकट होतं. पासवर्ड मात्र त्या सांगेनात. माझ्या लॅपटॉपवर एक हात आडवा धरून दुसऱ्या हाताने त्यांनी स्वतःच तो टाइप केला. त्यांचं इंटरनेट आमच्या घरात पोहोचत नव्हतं. आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या चौकापर्यंत येऊन थांबायचं. म्हणून मी चपलांचं कपाट बाहेर ओढलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, स्टूल घेतलं आणि जिन्यात ऑफिस थाटलं. मागे भिंत पांढरी होती, त्यामुळे पडद्यावर काही कळत नसे. लाइन तुटली की खाली जाऊन शिकवणीच्या शेवटच्या बाकावर बसायचं, बाईंचा तास संपला की त्या पुन्हा पासवर्ड घालून द्यायच्या. दोन वेळा त्यांनी मला फळ्याकडे बोलावलं. एका अपूर्णांकात मी चुकलो आणि मागची मुलं हसली.

येणारे-जाणारे पिशव्या घेऊन माझ्या अंगावरून जात. सेक्रेटरींनी सामाईक जिन्यात धंदा चालवल्याबद्दल नोटीस चिकटवली, तीही माझ्याच चपलांच्या कपाटावर. हे सगळं मी गिळलं. मला काळजी होती ती बाबांची, कारण ते आतल्या खोलीत, आणि मी दाराबाहेर.

त्यावर आम्ही काठीची खूण ठरवली. एकदा काठी आपटली तर पाणी. दोनदा आपटली तर उठायचंय, लगेच ये. तीनदा आपटली तर काही नको, नुसतं तू आहेस का ते बघायचंय. तीनदा आपटलं की मी बाहेरून ओरडायचो, "आहे!" आणि बाबा आतून म्हणायचे, "बरं."

पाणी त्यांना फारसं लागलं नाही. उठायचंही क्वचित असायचं. दिवसभर तीनदाच आपटत होते. शेजारी-पाजारी त्या ठोक्यांना आणि माझ्या "आहे!"ला हसायचे. मीही हसायचो. मला ते आवडायचं, खरं सांगायचं तर.

मग ती बैठक आली. आमच्या ऑफिसच्या बाईंनी निरोप दिला होता की एका बड्या गिऱ्हाइकाला नवी वाक्यं हवीत. त्यांच्या सेवेत लांबलचक बिघाड वाढलेत आणि लोक जुन्या वाक्यांना सरावलेत. ते बडं गिऱ्हाईक म्हणजे आमची इंटरनेट कंपनी. ज्यांच्या तुटक्या वायरीमुळे मी जिन्यात बसलो होतो, त्यांच्याच साहेबांना मी जिन्यात बसून दिलगिरी कशी व्यक्त करावी ते शिकवणार होतो. आणि माझी वायर तुटलीय हे बोलायचं नव्हतं, कारण बाई समोरच होत्या.

मी वरती शर्ट-टाय आणि खाली घरचा पायजमा अशा थाटात सुरुवात केली. रंगलो म्हणा ना. "ग्राहकाला बिघाड नको असतो असं नाही," मी म्हणालो, "त्याला एकटं वाटायला नको असतं." साहेबांनी मान डोलावली. बाईंनीही डोलावली. बाईंची मान डोलताना मी पूर्वी पाहिली नव्हती.

आतून काठी वाजली. तीनदा.

आता त्या बैठकीत मी "आहे!" असं ओरडणार कसा? मी बोलत राहिलो. थोड्या वेळाने पुन्हा तीन ठोके आले. मी मनात म्हटलं, काही नको आहे त्यांना, नुसतं बघतायत. पुन्हा तीन ठोके आले, या वेळी जोरात. मी साहेबांना म्हणत होतो की तक्रार करणाऱ्याला कुणीतरी ओ देणं फार महत्त्वाचं आहे.

मग ठोके थांबले. आणि आत धप्पकन आवाज झाला.

मी स्टूल उलथवून धावलो. बाबा दाराशी, जमिनीवर होते. मी ओ दिली नाही म्हणून ते बघायला उठले होते, एकटेच. मनगट धरून बसले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पडलो नाहीये," ते म्हणाले. "खाली बसलोय."

"हो बाबा."

"तू होतास ना बाहेर?"

"होतो."

"मग बरं," ते म्हणाले.

मी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं, मनगटाला बर्फ लावला, बायकोला फोन केला. तेवढ्या वेळात जिन्यात काय झालं ते मला नंतर कळलं. आवाज ऐकून सेक्रेटरी खाली उतरले होते. रिकाम्या स्टुलासमोर एक टायवाला साहेब पडद्यावर बसलेला पाहून त्यांनी विचारलं, "आपण कोण?" साहेबांनी कंपनीचं नाव सांगितलं. सेक्रेटरींच्या आयुष्यात एवढं सुख पूर्वी कधी चालून आलं नसावं. स्टूल सरळ करून ते बसले आणि म्हणाले, "बरे सापडलात!" मग त्यांनी अख्ख्या इमारतीची वायर कशी तुटलीय, हा गरीब माणूस म्हाताऱ्या बापाला आत टाकून चपलांच्या कपाटावर कसा काम करतोय, फोन केला तर तुमचं यंत्र कसं गोड गोड बोलतं, हे सगळं सांगितलं. त्यावरही समाधान होईना म्हणून चर दाखवायला लॅपटॉप उचलून जिन्याच्या खिडकीशी गेले. तिथे शिकवणीवाल्या बाईंचं इंटरनेट पोहोचत नाही. सेक्रेटरी आ वासून, बोट उगारून थिजले. त्यांचंही चित्र आता आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आहे.

सेक्रेटरी म्हणतात ते खरं होतं, ठामपणे बोलावं लागतं. त्याच संध्याकाळी कंपनीची माणसं शिडी घेऊन आली, वायर जोडली आणि इमारतीतले लाल झालेले सगळे दिवे हिरवे झाले. लोकांनी सेक्रेटरींचं अभिनंदन केलं. त्यांनी माझ्या कपाटावरची नोटीस मोठ्या मनाने काढून घेतली, कपाटाचा रंगही थोडा तिच्याबरोबर गेला.

हिरव्या दिव्याकडे बघत मी बसलो होतो तेव्हा विभागप्रमुख बाईंचा फोन आला.

"तुमच्या अडचणीची आम्हाला पूर्ण जाणीव आहे," बाई म्हणाल्या.

मी डोळे मिटले. वाक्य माझंच होतं. त्यानंतर 'तथापि' येतं. मीच तसं लिहिलं आहे.

"तथापि," बाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकासमोर जे झालं ते झालं. सोमवारपासून ऑफिसात या."

"बाई, लाइन आली आहे. आत्ता, माझ्यासमोर दिवा हिरवा आहे."

"आपलं सहकार्य अपेक्षित आहे," बाई म्हणाल्या. यापुढे वाक्य नसतं. हे म्हटल्यावर फोन ठेवायचा असतो.

बायकोने रजेसाठी खटपट करून हात टेकले, ताईने त्या संस्थेला फोन केला. खाट रिकामी होती. ताई म्हणाली, खिडकी आहे, बाहेर झाड आहे, अरे, तूच सांग बाबांना, तुला बोलता येतं. माझा तो धंदाच आहे, हे खरं. मी दोन दिवस वाक्यं जुळवली. खोडली, पुन्हा जुळवली. अडचण अशी होती की वाक्य पक्कं झालं की नाही हे ज्यांना वाचून दाखवून ठरवायचं, त्यांनाच ते सांगायचं होतं.

रविवारी दुपारी बाबांच्या खुर्चीसमोर उभा राहिलो. त्यांच्या मनगटाला पट्टी होती आणि काठी मांडीवर आडवी होती. नेहमी उभा राहतो तसाच राहिलो होतो, त्यामुळे नवीन काही ऐकायला मिळणार म्हणून त्यांनी कान दिला.

"बाबा," मी म्हणालो, "मला उद्यापासून ऑफिसात जावं लागणार आहे. तुमची सोय एका चांगल्या ठिकाणी केली आहे. ताईने खोली पाहिलीय. खिडकी आहे." मी काठीकडे बघत पुढचं वाक्य म्हटलं. "ही व्यवस्था तात्पुरती आहे."

मला वाटलं, आता ते विचारतील, तात्पुरती म्हणजे किती दिवस. त्यांनी विचारावं, काठी आपटावी, लबाड म्हणावं, असं मला फार वाटत होतं. उभ्या जन्मात त्यांनी खिडकीतून जे जसं आहे तसं सांगितलं होतं, आणि त्यांच्या पोटी मी निपजलो होतो.

त्यांनी कोपऱ्यातल्या डबीकडे पाहिलं. दिवा हिरवा होता. मग माझ्याकडे पाहिलं आणि चांगल्या हाताने माझा हात दोनदा थोपटला.

"नाही आला राग," ते म्हणाले.

मी विचारलं नव्हतं.